सर्व्हर आला का?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी आमच्या जालन्याशेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, भेंडवळच्या शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई आणि भोवताली अठरा धान्यं. विड्याचं पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी जाऊन बघतात, कोणतं धान्य कुठे सरकलं, ढेकूळ किती भिजलं, पान जाग्यावर आहे की हललं. मग वर्षाचा पाऊस, पिकं, रोगराई आणि दिल्लीची गादी यांचं भाकीत जाहीर होतं. हल्ली त्या वेळी समोर टीव्हीवाल्यांची गर्दी असते आणि जालन्याच्या मोंढ्यात बसलेला माणूस सगळं मोबाईलवर थेट बघतो. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. एवढ्या काळात घटाने दुष्काळ सांगितले, सुकाळ सांगितले, राजे बसवले आणि उठवले. पण माणसाच्या खिशात एक चपटी वस्तू येईल आणि घटाचं भाकीतसुद्धा तो त्या वस्तूतच बघेल, हे काही एकाही धान्याने सरकून सांगितलं नाही.

धान्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांचा तोच धंदा होता त्यांना तरी कुठे सांगता आलं? अमेरिकेत १९८०च्या सुमारास एका बड्या टेलिफोन कंपनीने एका नामांकित सल्लागार संस्थेला विचारलं, सन २००० पर्यंत देशात मोबाईलवाले किती होतील? संस्थेने अभ्यास केला, फी घेतली आणि सांगितलं, नऊ लाख. झाले दहा कोटींच्या वर. भेंडवळचा घट निदान फी घेत नाही.

हे वाचल्यापासून मी तंत्रज्ञानाच्या भविष्यवेत्त्यांकडे नंदीबैलवाल्याकडे बघावं तसं बघतो. दारात येतो, ढोलकं वाजवतो, "सांग पाटलाच्या घरी लक्षुमी येईल का?" म्हणून विचारतो आणि नंदी मान डोलावतो. फरक एवढाच, की नंदी कधीमधी नाही म्हणूनही मान हलवतो. कंपन्यांचे नंदी फक्त होच म्हणतात.

या भविष्यांपैकी सगळ्यात लाडकं भविष्य म्हणजे बिनकागदी कार्यालय. १९७५च्या जूनमध्ये 'बिझनेस वीक' या अमेरिकी साप्ताहिकाने उद्याच्या ऑफिसवर मोठा लेख छापला. त्यात जॉर्ज पेक नावाचे शास्त्रज्ञ म्हणाले, की वीस वर्षांनी माझ्या टेबलावर टीव्हीसारखा पडदा आणि कळफलक असेल, बटण दाबलं की हवा तो कागद त्यावर दिसेल, टपालही त्यावरच येईल, आणि छापील कागद मला किती लागतील कोण जाणे. पडदा आला, कळफलक आला, टपालही आलं. माणूस द्रष्टाच म्हणायचा. फक्त पेकसाहेब ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिचं नाव झेरॉक्स.

आता जालन्यात कोणत्याही सरकारी कार्यालयाच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. अगदी तहसिलीच्या नाही, साध्या ग्रामपंचायतीच्या. रस्त्याच्या पलीकडे एका ओळीत दुकानं दिसतील आणि प्रत्येकावर पेकसाहेबांच्या कंपनीचं नाव. काहींनी ते 'झेराक्स' लिहिलंय, काहींनी 'झेरॉक्ष', एकाने तर 'झेरॉक्स व रसवंती'. सगळी चालतात. आणि ती कॉम्प्युटर यायच्या आधीपेक्षा जास्त चालतात, ही खरी गंमत. कारण आता अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ऑनलाइन भरला की त्याची प्रिंट काढायची. प्रिंटला आधारची झेरॉक्स जोडायची, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडायची, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची जोडायची, आणि तो गठ्ठा खिडकीत नेऊन द्यायचा. तिथे पोचपावती मिळते. तिची एक झेरॉक्स काढून ठेवायची, कारण मूळ हरवते.

अबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर या दोन संशोधकांनी याच गोष्टीवर पुस्तक लिहिलंय. त्यांना आढळलं, की कार्यालयात ई-मेल आली की कागदाचा खप सरासरी ४० टक्क्यांनी वाढतो. एवढ्या अभ्यासाची गरज नव्हती. आमच्या झेरॉक्सवाल्याने चहाच्या एका कपावर सांगितलं असतं.

मला स्वतःला जुनं ऑफिस चांगलं आठवतं, कारण आयुष्याचा बराच भाग मी कारकुनीत घालवला. त्या काळी जालन्यात टायपिंगच्या क्लासला जाणं म्हणजे आयुष्याला लागणं. संध्याकाळी कादराबादेतून चालत गेलं तरी कुठल्या ना कुठल्या माडीवरून खडखडाट ऐकू यायचा. मशिन बहुतेक गोदरेजची. या कंपनीने १९५५ साली देशातला पहिला टाइपरायटर बनवला आणि २००९ साली बनवणं थांबवलं. मधली पन्नासेक वर्षं महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने तिसाची आणि चाळिसाची परीक्षा देण्यात घालवली. लग्नाच्या बायोडाट्यातही 'मराठी ३०, इंग्रजी ४०' असं असायचं. हा वेग आहे, वयातलं अंतर नव्हे, हे परगावच्या पाहुण्यांना सांगावं लागे.

मग कॉम्प्युटर आले. आणि २००१ पासून एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीला ती सक्तीची झाली, मग काय विचारता. गल्लोगल्ली केंद्रं. ज्या माडीवर खडखडाट होता तिथे आता पंख्याची घरघर आणि उंदराची टिकटिक. भविष्य सांगणाऱ्यांनी सांगितलं होतं की कॉम्प्युटरने कामं वेगात होतील. झालीही असती. पण आमच्या कार्यालयात होता कृतिदेव फॉन्ट, वरच्या कार्यालयात श्रीलिपी, आणि मुंबईत आणखी तिसराच. इथून मराठी पत्र पाठवावं, तिथे उघडावं तर अगम्य इंग्रजी. मी 'जालना' लिहिलं की पलीकडे टी, के, वाय, यू, के अशी पाच अक्षरं उमटत. ते फोनवर विचारत, हे कोणतं गाव? मी सांगे, साहेब, प्रिंट काढून फॅक्स करतो. शेवटी युनिकोड रुळलं तेव्हा कुठे जालना सगळीकडे जालना म्हणून पोचायला लागलं. अमेरिकेतल्या एकाही भविष्यवेत्त्याला हे दिसलं नव्हतं, कारण त्यांच्या स्वप्नातलं ऑफिस इंग्रजीत होतं.

मोबाईलचं तर याहून निराळं झालं. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर आणि आलेल्या फोनलाही पैसे. तेव्हाचं भविष्य असं, की ही वस्तू मोठ्या साहेबांची, मोटारीतून फिरणाऱ्यांची. आमच्याकडे ती घरोघर आली २००३ नंतर, येणारे फोन फुकट झाल्यावर. आणि आली ती नोकियाच्या ११०० या मॉडेलच्या रूपाने. धुळीला दाद न देणारा कळफलक, हातातून निसटू नये अशी पाठ, आणि डोक्यावर बॅटरी.

ही बॅटरी महत्त्वाची. मराठवाड्यात तेव्हा भारनियमनाचा कहर होता आणि शेतीपंपाला वीज मिळायची ती रात्री. कपाशीला पाणी द्यायला बाहेर पडलेला माणूस एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात नोकिया घेऊन बांधावरून चालायचा. साप-किरडू दिसावं म्हणून. फोन आला तर उचलायचा, पण ते दुय्यम. जगभर या फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यांतले किती बोलण्यासाठी आणि किती उजेडासाठी, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मग पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र काढलं. मोटारीच्या स्टार्टरला ते जोडायचं आणि घरून फोन लावायचा, की विहिरीवरची मोटार सुरू. वीज आहे की नाही, हेही कळायचं. पुढे तसल्या यंत्रांचे किती तरी प्रकार निघाले आणि लोक सरसकट 'मोबाईल स्टार्टर' म्हणायला लागले. म्हणजे ज्या सल्लागारांनी किती माणसं फोन घेतील याचा हिशोब मांडला, त्यांच्या डोक्यातही आलं नसेल, की अंबड तालुक्यातली पाच एचपीची मोटारसुद्धा स्वतःचं सिमकार्ड बाळगेल. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या फोनमध्ये सगळ्यात वर तिचाच नंबर आहे. बायको म्हणते, मला एवढे फोन करत नाहीत. तो म्हणतो, ती एका रिंगमध्ये उचलते.

आपल्याच देशात मात्र काही जणांनी गरिबाच्या हातातल्या यंत्राचं स्वप्न वेळेआधी बघितलं होतं, हे सांगायला हवं. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' बनवला. तळहाताएवढा, पडद्याला स्पर्श करून चालणारा, आपल्या भाषेत बोलून दाखवणारा, आणि गावाने मिळून वापरायचा. कल्पना आयफोनच्या कितीतरी आधीची. बाजारात आला २००४च्या सुमारास, आणि काही हजारांवर खपला नाही. मग ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाची स्वस्त पाटी आणली. तीही वाऱ्यावर गेली. भाकीत बरोबर होतं, फक्त पत्ता चुकला. गावाने मिळून वापरायचं यंत्र असं त्यांना वाटलं होतं. आमच्या गावात बैलजोडी मिळून वापरत नाहीत, सख्खे भाऊ मोटरसायकल मिळून वापरत नाहीत. मोबाईल तर नवरा-बायकोही मिळून वापरत नाहीत, आणि त्यात शहाणपणच आहे.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज एका परिषदेत म्हणाले, की पीसी आता ट्रकसारखे होतील. अमेरिका शेतीप्रधान होती तेव्हा गाड्या म्हणजे ट्रकच होते, कारण शेतावर ट्रकच लागतो. शहरं वाढली तशा मोटारी आल्या. ट्रक राहतील, पण थोड्यांना लागतील. पीसीवाल्यांना हे फार झोंबलं म्हणे. मला ते वाचून आमची औद्योगिक वसाहत आठवली. तिथे रोज सळईचे ट्रक भरतात आणि रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असतात. सरकी, बियाणं, मोसंबी, सगळं ट्रकातूनच जातं. ट्रक थोड्यांना लागतो, असं एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर बोलून पाहावं.

पण जॉब्ज यांचं म्हणणं आमच्याकडे उलट्या बाजूने खरं झालं. त्यांच्या हिशोबात शेतकऱ्याला ट्रक आणि शहरी माणसाला मोटार. इथे शेतकऱ्याच्या दारात कॉम्प्युटर नावाचा ट्रक कधी आलाच नाही. तो थेट मोबाईलवर बसला. ट्रक राहिले सेतू केंद्रात आणि साहेबांच्या टेबलावर. एमएस-सीआयटी झालेल्या आमच्या पोरांनी एक्सेलमध्ये मार्कांचा तक्ता करायला शिकून ट्रकचं लायसन काढलं, आणि पुढे जन्मभर चालवली ती दुचाकी.

मोंढ्यातल्या अडत्यांनी मात्र दोन्हींचा मेळ घातलाय. लक्ष्मीपूजनाला पेढीवर जावं. चौरंगावर लाल कापडी बांधणीची वही, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि शेजारी टॅली असलेला लॅपटॉप. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही फूल. की-बोर्डच्या फटीत अक्षता जाऊ नयेत म्हणून वर रुमाल अंथरलेला. भाव व्हॉट्सअपवर येतात, बिलं कॉम्प्युटरवर निघतात, पैसे बँकेतून फिरतात, आणि उसनवार कोणाकडे किती ते वहीत. ते वहीतच का, हे विचारायचं नसतं.

सरकारी कार्यालयाचं मोबाईल होणं मात्र मी डोळ्यांदेखत बघितलं, आणि त्याचं भाकीत कुठेच वाचलं नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी कोणत्या गटात काय पेरलंय हे तलाठी लिहायचा, बऱ्याचदा चावडीत बसून. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपमध्ये नोंदवायचा. म्हणजे तलाठ्याचं ऑफिस शेतकऱ्याच्या हातात आलं. पगार तेवढा तिकडेच राहिला. भोकरदनच्या एका आजोबांना मी नातवाच्या मोबाईलसमोर सोयाबीनमध्ये उभं राहून केसांवरून हात फिरवताना पाहिलंय. नातू म्हणाला, "आबा, तुमचा न्हाई, पिकाचा फोटो काढू राहिलो." आबा बाजूला झाले, पण टोपी नीट करूनच.

आणि अंगणवाडीच्या ताया! कार्यालय खिशात गेलं तर काय होतं, हे बघायचं तर त्यांच्याकडे बघावं. पोरांची वजनं, उंची, आहार, सगळं ॲपमध्ये. २०२१ मध्ये तर राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत नेऊन दिले. कारण फोन मरतुकडे आणि ॲप इंग्रजी. ऑफिसच्या यंत्राला रीतसर घरी पाठवणारं असं दुसरं आंदोलन मला तरी माहीत नाही. पुढे २०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली आणि 'नारीशक्ती दूत' ॲपवर अर्ज भरायची झुंबड उडाली. दिवसा ॲप चालेना. मग आमच्या गल्लीतल्या ताई रात्री उशिरा, सगळी निजानीज झाल्यावर, ओट्यावर बसून अर्ज भरायच्या. जगातली मोठमोठी माणसं सांगत होती, की मोबाईलमुळे तुम्ही कुठूनही आणि केव्हाही काम करू शकाल. ते वरदान म्हणून सांगत होते.

सर्व्हर ही तर आमच्याकडे आता एक व्यक्तीच झालीय. पूर्वी कार्यालयाच्या व्हरांड्यात लोक एकमेकांना विचारायचे, साहेब आले का? साहेब दौऱ्यावर असत, मीटिंगला असत, नुसतेच नसत. त्या वेळी आम्हाला भविष्य सांगितलं गेलं, की यंत्र रजेवर जात नाही, यंत्राला मीटिंग नसते. आता साहेब वेळेवर येतात, थम्ब लावतात, खुर्चीत बसतात. आणि बाहेर लिंबाखाली बसलेली माणसं विचारतात, "सर्व्हर आला का?" कोणी तरी आत डोकावून येतो. "आलता, पुन्हा गेला." मग सगळे तंबाखू मळायला घेतात. यात कोणाला राग येत नाही, हे मला जास्त नवल वाटतं. साहेब नसले की लोक चिडायचे. सर्व्हरचं पावसासारखं झालंय. त्याला कोण काय बोलणार?

अंगठ्याची गोष्टही अशीच फिरून आली. मी नोकरीत होतो तेव्हा साक्षरतेची मोठी मोहीम झाली. अंगठा लावणं म्हणजे लाज, सही करायला शिका, असं गावोगाव सांगितलं. म्हाताऱ्या बाया पाटीवर नाव गिरवायला शिकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. मग २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्यानंतर रेशनदुकानात मशिन आलं आणि दुकानदार म्हणायला लागला, सही नको, अंगठा लावा. आता अडचण अशी, की खुरपं धरून, कपाशी वेचून, सारवून ज्या हातांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशिनला पटत नाही. "अंगठा उठत नाही," असं म्हणतात. मग बोट पदराला पुसायचं, केसांतून फिरवायचं, पुन्हा दाबायचं. दुसऱ्या हाताचं बघायचं. जगातल्या सगळ्या भाकितांत यंत्र माणसाला ओळखेल असं होतं. कष्ट केलेल्या माणसाला ते कमी ओळखेल, हे कोणी म्हटलं नव्हतं.

एक भाकीत मात्र जवळजवळ तंतोतंत खरं ठरलेलं मी पाहिलं. १९६४ मध्ये विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी बीबीसीवर सांगितलं होतं, की कदाचित पन्नासच वर्षांत माणूस लंडनमधून जसा धंदा करतो तसाच ताहितीहून किंवा बालीहून करू शकेल. ते स्वतः श्रीलंकेत समुद्रकाठी राहत, तेव्हा त्यांना बेटंच सुचणार. घडलं २०२०ला. टाळेबंदीत हिंजवडीची आमची पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली आणि जाफराबाद, मंठा, घनसावंगीहून न्यूयॉर्कशी बोलायला लागली. रेंज मिळायची ती गच्चीवर, नाहीतर बांधावरच्या एका ठराविक आंब्याखाली. आमच्या शेजारच्या गावात एका पोराची मीटिंग रोज संध्याकाळी धारेच्या वेळी असे. मागून म्हैस हंबरली की अमेरिकेतला साहेब विचारी, कोणी तरी म्यूट नाही का? घरच्यांना हा लॅपटॉपसमोर बसून काम करतोय हे काही केल्या पटत नसे. आई म्हणायची, बसलाच आहेस तर शेंगा निवड. आणि तो निवडायचा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवण्याचं हेही एक कारण असतं, हे क्लार्कना ठाऊक नव्हतं.

आता रस्तेही असे झालेत, की पोरं समृद्धीने येतात आणि वंदे भारतने जातात. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला ती सुरू झाली. डब्यात बसल्या बसल्या सगळे लॅपटॉप उघडतात. पूर्वी गाडीत बसलं की शेजाऱ्याला गाव विचारायचं, मग जात, मग पगार. आता चार्जिंगचा पॉइंट विचारतात. मोठीच प्रगती आहे, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

या सगळ्या भविष्यवाल्यांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो आमच्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. तिथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. लोक तो सुंदर हस्ताक्षराचे धडे म्हणून वाचतात. मी कारकून, मला तो कार्यालयीन कामकाजाची पुस्तिका वाटतो. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं, हे सांगताना त्यांनी दोन गोष्टी अशा सांगितल्यात की आजच्या कोणत्याही कंपनीने कान द्यावा. एक म्हणजे, कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडून मधेच लिहा, म्हणजे कागद कडेने झडत गेला तरी अक्षराला धक्का लागत नाही. आम्ही याला आता बॅकअप म्हणतो आणि त्याचे महिन्याला पैसे भरतो. दुसरी गोष्ट, तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगाचं राहणार नाही. मध्यम लिहा.

पहिला मोबाईल हातात आल्यापासून मी एवढी भाकितं वाचली, पण माझा चाळिशीचा चष्मा कोणी जमेत धरलेला दिसला नाही. पंचविशीतली पोरं बंगळुरूत बसून ॲप बनवतात आणि 'पुढे जा' हे बटण मुंगीएवढं ठेवतात. समर्थांना यंत्र दिसलं नव्हतं, पण म्हातारा दिसला होता.

मलाही आता लोक विचारतात, म्हणजे विचारत नाहीत, पण मी सांगतो. माझी भाकितं ही अशी. फोन घडीचा होईल, मग चष्म्यात जाईल, मग कदाचित कानात. पण तो कुठेही गेला तरी जालन्याच्या बसस्थानकाशेजारी त्याचं कव्हर वीस रुपयांना मिळेल आणि काच बसवणारा पोरगा तीच काच शंभराला सांगून साठाला लावेल. कार्यालयं पूर्ण डिजिटल होतील, आणि डिजिटल झाल्याचा दाखला कागदावर मिळेल. सातबारा आत्ताच मोबाईलवर डिजिटल सहीने निघतो, त्यावर स्वाक्षरी-शिक्क्याची गरज नाही असं छापलेलंही असतं. त्या ओळीच्या खाली शिक्का मारून आणा, असं सांगणारा माणूस आणखी एक पिढी तरी टिकेल. त्याच्या नंतरचं मला दिसत नाही.

राहता राहिली एआय. २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरणच मंजूर केलं. आमच्याकडे तिची चर्चा सध्या मोसंबीच्या फळगळीइतकीच होते, म्हणजे सारखी. पुण्याहून आलेला भाचा सांगत होता, की आता अर्ज कोणी भरणारच नाही, नुसतं बोलायचं, एआय सगळं भरील, सेतू केंद्रं बंद पडतील. आम्ही दोघं तेव्हा सेतूतच उभे होतो, त्याच्याच नॉन-क्रिमिलेयरसाठी. आत बसलेल्या पोराने ते ऐकलं. त्याने मान वर केली नाही.

"भरू द्या ना," तो म्हणाला. "पर मामा, ह्यांच्या आधारवर नाव पुंडलिक हाय, टीसीवर पुंडलीक हाय, अन् आजोबाच्या उताऱ्यावर नुसतं पुंड्या. तिन्ही एकच माणूस हाय हे एआयला सांगंल कोण?"

भाच्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"चार झेरॉक्स आना," पोरगा म्हणाला, "अन् दोन फोटो. पांढऱ्या बॅकग्राउंडचे. पुढचे कोन?"